मागच्या दारी जपान

...आणि वर मलाच म्हणतो, "बाबा, खुर्ची जरा सरकवा ना, तुमच्यामुळे झाडाचा शेप दिसत नाही!" माझ्यामुळे? अहो, झाड मी लावलं, पाणी मी घातलं, आणि आता मीच मधे मधे येतोय म्हणे! सरकवली खुर्ची. भांडायला अंगात काही तरी लागतं ना? माझं काय, मी आपला बसलोय.

तुम्हाला सांगतो, गिरणीतला संप झाला, तो कधी मिटला ते आम्हाला कोणी सांगितलंच नाही, आणि मी इथे बोरीवलीला, आमच्या बैठ्या चाळीत, मागच्या दारी आंब्याखाली खुर्ची टाकली ती टाकलीच. सकाळी बसतो, सून चहा आणून देते, अनुपमा, गुणाची पोर आहे हो, ऊन फिरलं की मी खुर्ची फिरवतो. झाली ड्यूटी! लोक विचारतात, "काशीराम, वाईट वाटतं का रे?" नाही वाटत. आधी वाटायचं. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, हात लावला तर दुसऱ्याचा पाय वाटतो, तसं झालंय सगळं.

तर हा आंबा. आमची थोरली बहीण, द्रौपदीअक्का, गावाला असते, तिने दारातल्या रायवळाचं रोप दिलेलं, डालड्याच्या डब्यात घालून मांडीवर धरून एस्टीने आणलं मी. संपानंतर मात्र गावाला गेलो नाही. कसा जाणार? चाकरमानी रिकाम्या हाताने गावात शिरतो कधी? आमचा खंडू, गिरणीत माझ्याच खात्यातला, गावचाच, त्याचं जाणं-येणं असतं, त्याच्याकडून अक्का विचारायची, "काशी, येतलस कधी?" मी सांगायचो, "आंब्याला फळ धरू दे, पहिलं फळ घेऊन येतो, आपल्या देवीपुढे ठेवायला." झाडाचं पहिलं फळ देवीचं, आमच्याकडची रीतच आहे. हसताय काय? हो, कोकणात आंबा घेऊन जाणार होतो मी! पण कारण पक्कं होतं की नाही? झाड धरेना, मी जाईना, कुणाला बोलायला जागाच नाही.

आणि मग आमचे चिरंजीव, मधुकर, अंधेरीला कंपनीत आहेत, ते जपानला गेले. ट्रेनिंगला! लोक येताना टेपरेकॉर्डर आणतात, याने काय आणलं? कात्री! आणि झाडं कापायचं एक पुस्तक, सगळं जपानी, याला त्यातलं एक अक्षर कळत नाही, नुसती चित्रं बघतो. "बाबा, तिकडे घराघरात बाग असते, काय झकास ठेवतात! दाट फांदी विरळ करायची, ऊन आरपार गेलं पाहिजे, पाखरू आरपार गेलं पाहिजे!" अरे, ऊन आरपार जाऊ नये म्हणून तर मी झाडाखाली बसलोय ना! पण म्हटलं, जाऊ दे. माझं काय.

दर रविवारी स्टुलावर चढायचा. एक फांदी कापायची, खाली उतरायचं, लांब जाऊन डोळा बारीक करून बघायचं, परत चढायचं. मग फांद्यांना बांबू बांधले, दोऱ्या लावून खाली ओढल्या. का, तर म्हणे, "बर्फाच्या वजनाने वाकल्यासारखं वाटलं पाहिजे, झाड म्हातारं दिसलं पाहिजे." बोरीवलीत बर्फ! आणि म्हातारंच बघायचंय तर मी काय खाली तरुण बसलो होतो? त्यावर म्हणतो, "बाबा, तिकडे म्हाताऱ्या झाडाला फार मान. फांदी थकली की खाली टेकू देतात, टोचू नये म्हणून वर कापड गुंडाळतात." हे मला सांगतोय, आणि माझ्या खुर्चीची वेताची पट्टी तुटून महिने झाले! म्हटलं, बरं. मी आपला बसलोय.

आणि जानेवारीत एका सकाळी मान वर केली, तर मोहर! एवढे हाल सोसून, यंदा पहिल्यांदा! काही वाटलं का? अहो, थोडंसं वाटलं. खोटं कशाला बोलू! शर्ट घातला आणि तडक खंडूकडे गेलो, तो गावाला निघालेला, म्हटलं, "अक्काला सांग, आंबा मोहरला. मे महिन्यात येतोच."

परत येऊन बघतो तर हा स्टुलावर! खाली पेपर अंथरलेला, त्यावर मोहराचा ढीग. "बाबा, नवे शेंडे आले होते, सगळे खुडले. कात्री नाही हं, बोटांनी! पाईनला असंच करतात, चित्र आहे पुस्तकात." अरे देवा! आता याला तरी काय बोलू? गावाला नेलं ते मे महिन्यात, नाहीतर गणपतीला. आयता पिकलेला आंबा खाल्ला, मोहर कधी बघणार? आमच्यात मुंबईत वाढलेल्या पोरांचं हे असंच! आणि माझं नि अक्काचं काय ठरलंय ते याला मी तरी कुठे सांगितलं होतं? दुपारी जेवायला शेजारी बसला, भात कालवत होता, त्याच्या बोटांना मोहराचा वास येत होता. मी जेवलो. ताकही घेतलं. काही वाटलं नाही.

मग खंडू गावाहून आला, अक्काचा निरोप घेऊन, आणि तिच्याच आवाजात म्हणाला, "आंब्यांका हय काय तोटो आसा? आंबो नको माका. तू ये, मेल्या!"

तुम्हाला सांगतो... बधिर पायात परत रक्त शिरलं की कसं टोचतं? तसं टोचायला लागलं. इथे. डोळ्यात पाणी आलं हो, खंडूसमोर! उठलो, खुर्ची आपणहून सोडली, ओरडलो, "अनुपमा, माझी पिशवी काढ गं! गावाला जातो!"

मधुकर आतून धावत आला. इतका खूश मी त्याला कधी बघितला नव्हता. "बाबा, तुम्ही जाताय? खरंच? थांबा, मी पण येतो, रजा टाकतो! आत्याच्या दारात किती आंबे आहेत हो? सगळे वाढलेले असतील ना, जंगल झालं असेल नुसतं! थांबा, कात्री घेतो!"

बसलो.

पिशवी खुर्चीखाली सारली आणि खंडूला म्हटलं, "अक्काला सांग, तिचे आंबे शाबूत राहायला हवे असतील तर मला इथेच याच्यावर लक्ष ठेवून बसायला पाहिजे." गिरणी सुटल्यापासून पहिल्यांदा काम लागलं बघा मला... आणि तेही बसायचंच.