आतू कुबलची फायबरची होडी

ऐका. जरा पुढे सरका, मला मोठ्याने सांगवत नाही.

खाडीकाठचा आतू कुबल. लेकीची, शेवंतीची, हळद उद्यावर आली आणि अंगणात मधोमध ही होडी! फायबरची, तळाला तडा गेलेली. मांडव घालायचा कुठे? भंगारवाल्याने हात लावला नाही. जाळायला गेला तर काळा धूर, शेजारी अंगावर धावून आले. कापायला घेतली तर अंगभर खाज. बायको म्हणाली, "अहो, होडी तरी काढा, नाहीतर तुम्ही तरी निघा!"

अमावस्येची भरती अंगणाला लागली तसा आतू काळोखात उठला. कमरेला लुंगी, हातात दोर. बंधाऱ्यावरून चालत, पाण्यातली होडी ओढत मोरीपर्यंत, म्हणजे बंधाऱ्यातलं पाणी खाडीत सुटतं तिथवर, नेली आणि दिली लोटून. रिकामी! अहो, दर्यावरचा माणूस रिकामी होडी कधी लोटतो का? आत निदान मूठभर तांदूळ ठेवायचे, दर्याचं नाव घ्यायचं. नाहीतर गिऱ्हा चढतो. पाण्यातलं भूत ते, रिकाम्या जागेवर टपलेलंच असतं. पण आतू कावलेला. त्याला कुठलं सुचतंय?

दहा पावलं परतला. पाठीमागे खळखळ! बघतो तर होडी बंधाऱ्याला लागलेली. "अगं ए, निघ ना!" पुन्हा लोटली. पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली ती पाण्याच्या ओढीच्या उलट. आणि मागच्या फळीवर कोणीतरी बसलेलं.

"होडी गळते रे," ते म्हणालं.

"मग मी काय करू? फुकट मिळाली ना? घे आणि जा!"

"खलाशी नाही. पाणी कोण उपसणार?"

बाबांनो, आतूचे पाय जमिनीवरून कधी सुटले, त्याचं त्याला कळलं नाही. होडीत गुडघाभर पाणी, हातात करवंटी. उपसतोय, उपसतोय. पाणी सरत नाही, होडी बुडतही नाही, आणि तोंड समुद्राकडे! शेवंती आठवली. हळदीला बाप कुठाय, म्हणून रडेल पोर. एवढ्यात तिवराची फांदी कपाळावर आपटली. दोन्ही हातांनी धरली त्याने! होडी खालून निघून गेली. गिऱ्ह्याने लुंगी धरली होती, ती गेली त्याच्याबरोबर.

पहाटे तसाच घरी आला. बायकोने कपाळाला हात लावला. पण अंगण मोकळं होतं. मांडव उभा राहिला. शेवंतीने हळदीचा हात बापाच्या गालाला लावला, तेव्हा कुठे तो हसला.

पोरांनो, कितीही घाई असो, रात्री त्या बंधाऱ्याने जाऊ नका. ती होडी लाकडाची असती तर एव्हाना कुजून सुटली असती. ही फायबरची. खलाशी मिळेपर्यंत येतच राहणार.