कानबाई निघाली होती अंतराळात

तुम्ही रॉकेटच्या बातम्या नुसत्या बघता, आमच्या सुरतच्या घरातून तर साक्षात देवी निघाली होती वर! आम्ही खानदेशी लोक, आमची कानबाई म्हणजे देवघरातला एक जुना नारळ. सासूबाईंनी गावाहून जपून आणलेला. दर श्रावणात तिचं लग्न लावायचं, मगच तिची मिरवणूक.

लेकीच्या कॉलेजच्या पोरांनी नवीन रॉकेट बनवलं. पहिली चाचणी कामरेजच्या पुढे, मोकळ्या शेतात. सकाळी तिचा मेसेज आला, फोटोसकट. "मम्मी, फुटलं तर महागड्या यंत्राचं नुकसान नको म्हणून त्याच्याऐवजी आत देवघरातला सुका नारळ ठेवलाय. वजन बरोब्बर बसलं!"

मी फोन करतेय, ती उचलेना. रिक्षा करून पोचले तर बत्ती लागलेली. भसाभस धूर निघाला, रॉकेट थरथरलं आणि आडवं पडलं. पोरं रडकुंडीला आली. टाळ्या वाजवणारी मी एकटीच.

नारळ पदरात घेऊन लेकीसकट घरी आले. आता घर डोक्यावर घेतील असं धरूनच मी सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं, कानबाईवरची काजळी पुसली आणि नातीला म्हणाल्या, "तुन्हं रॉकेट चांगलं शे, माय. पन सरावनमा लगीन लावाबिगर कानबाई हालस का कोठे? आते बजारना नारळ ली जाय, देख कसं उडस!"