अर्धवट ऐकलेलं प्रवचन

पाळक : दादा, आधी तो सुरा खाली ठेव. मग बोलू.

खाटीक : सुरा खाली ठेवून खाटकानं काय जप करायचा? ये धाकट्या, आत ये. पाय जपून टाक, फरशीवर रक्त आहे. घाबरू नकोस, जनावराचं आहे. इकडचं तरी.

पाळक : जावई कुठे आहे?

खाटीक : थंड खोलीत, बाहेरून कडी घातलीय. उजव्या हाताची तीन बोटं मोडली त्याची, एकेक करून. पहिल्याला नुसता किंचाळला. दुसऱ्याला आईच्या नावानं ओरडला. तिसऱ्याला थेट देवालाच बोलावलं पठ्ठ्यानं.

पाळक : अरे देवा! दादा, तू माणूस आहेस की...

खाटीक : माझ्या पोरीचं तोंड बघ आणि मग मला विचार. बाळा, रुमाल काढ. दाखव काकाला.

लेक : काका, या बाजूनं बोला. डाव्या कानानं कालपासून ऐकू येत नाही.

खाटीक : इस्त्री मारली भडव्यानं. गरम इस्त्री! दोन दात पडलेत, गाल भाजलाय. म्हणून आज दुकान बंद. हे बघ, जनावर मधोमध चिरलं आणि दोन्ही अर्धी समोरासमोर टांगली. मधून एक माणूस जाईल एवढी वाट. तूच सांगितलंस ना रविवारी चर्चमध्ये, जुन्या काळी करार असा करायचे? तुकड्यांमधून चालायचं आणि म्हणायचं, शब्द मोडला तर माझेही असेच तुकडे होवोत.

पाळक : सांगितलं. पण...

खाटीक : पण नाही आणि बिण नाही. त्यानं लग्नात तुझ्यासमोर, पवित्र पुस्तकावर हात ठेवून देवाला शब्द दिला होता. मोडला. आता त्याला या वाटेनं चालवणार आणि त्या टोकाला मी उभा राहणार.

(थंड खोलीच्या दारावर आतून धाडकन लाथ बसते.)

खाटीक : गप रे! तुझीच तयारी चाललीय.

पाळक : दादा, तू प्रवचन अर्धवट ऐकलंस.

खाटीक : रविवारी गिऱ्हाईक दारात उभं असतं. तुझं आमेन होईपर्यंत थांबलो तर दुकान काय देवदूत उघडतील?

पाळक : वीस वर्षं झाली! मध्येच उठतोस, सगळ्यांचे गुडघे तुडवत जातोस. त्या दिवशी तुकडे मांडले इथवर मी सांगितलं आणि तू निघालास. पुढचं ऐकलंच नाहीस.

खाटीक : मग आता सांग. आटप लवकर, धार लावून झालीय.

पाळक : देवाशी करार करायला अब्रामानं तुकडे मांडले. दिवसभर गिधाडं हाकलत बसला. सूर्य कलला आणि त्याला गाढ झोप लागली. तुकड्यांमधून तो चाललाच नाही, दादा. धुमसती भट्टी आणि पेटती मशाल, तेवढीच गेली. म्हणजे त्या रूपात देव एकटा गेला.

खाटीक : आणि हा घोरत पडला? असला कसला एकतर्फी करार?

पाळक : तेच तर सांगत होतो! ज्याच्याकडे बळ होतं त्यानं शाप आपल्या अंगावर घेतला. दुबळ्याला चालायलाच लावलं नाही. पुढे माणसानं शब्द मोडलाच, आणि क्रुसावर चिरला गेला तो देवच. म्हणून हात जोडतो, त्याला मारू नकोस.

लेक : काका.

पाळक : बोल, बाळा.

लेक : मग मला का चालायला लावलंत?

पाळक : मी? तुला?

लेक : तीनदा आले मी. पहिल्यांदा मनगट मोडलं होतं. तुम्ही म्हणालात, लग्न हा करार आहे, मोडता येत नाही. प्रार्थना केलीत आणि स्वतः घरी सोडून आलात. दुसऱ्यांदा गळ्यावर त्याची बोटं उमटली होती. मफलर गुंडाळ म्हणालात, लोक बघतात. तिसऱ्यांदा दारच उघडलं नाहीत. दिवा मात्र चालू होता.

खाटीक : तीनदा? बाळा, मला का नाही सांगितलंस?

लेक : तुम्ही सुरा काढला असता, बाबा. आणि काढलातच ना.

खाटीक : धाकट्या, भिंतीला टेक. हात खाली घे, खाली! टोक लागतंय? लागू दे. बोल, का पाठवलंस तिला?

पाळक : प्रार्थनामंदिराचं छप्पर जावयाच्या बापानं घालून दिलं. तो चर्चच्या मंडळीचा पुढारी. त्याच्या एका शब्दावर माझं पद गेलं असतं, राहतं घर गेलं असतं. मी घाबरलो, दादा. देवाचं नाव पुढे केलं आणि त्याच्या मागे लपलो.

खाटीक : छपरासाठी! पत्र्याच्या छपरासाठी माझी पोर...

लेक : बाबा, सोडा त्यांना. गळ्यातून रक्त येतंय. सोडा म्हणते ना! काका, कॉलर दाबून धरा. आणि चला.

पाळक : कुठे?

लेक : या तुकड्यांमधून. बळ तुमच्याकडे होतं. चालता चालता सांगा, काय करणार ते.

पाळक : चालतो. आत्ता पोलिसांना बोलावतो आणि सगळं सांगतो. रविवारी भर मंडळीत, त्याच्या बापाच्या तोंडावर सांगतो, की हिला मरायला परत पाठवणारा मी होतो. करार मोडला तो मारणाऱ्यानं, हिनं नाही. हिला परत कुणी पाठवणार नाही.

खाटीक : आणि शब्द मोडलास तर?

पाळक : तर माझेही असेच तुकडे होवोत. दादा, रक्त टपकतंय डोक्यावर.

खाटीक : टपकू दे. चाल पुढे.

लेक : बाबा, आता कडी काढा. तो आत गारठून मरेल. मला तो जिवंत हवाय, कोर्टात, माझ्यासमोर उभा. आणि सुरा द्या इकडे.

खाटीक : तुला कशाला?

लेक : धुवून ठेवते. द्या.

खाटीक : घे. पात्याला धरू नकोस, मुठीला धर.

पाळक : पोलीस तुलाही नेतील, दादा. तीन बोटं मोडलीस तू.

खाटीक : मोडलीत, नाही म्हणणार नाही. माझ्यासाठी कुणी देव या तुकड्यांमधून चालायला येणार नाही, ठाऊक आहे मला. फक्त सोमवारपर्यंत थांबा म्हणावं.

पाळक : सोमवारपर्यंत कशाला?

खाटीक : रविवारी दुकान बंद ठेवतोय. तुझं प्रवचन शेवटपर्यंत ऐकायचंय.