सगळी पुस्तकं वाचकांकडे आहेत

नणंद : वाचनालय बंद झालं, वहिनी. उद्या सकाळी कचेरीतले साहेब किल्ली घ्यायला येणार. आता हे मी बोललेच नाही असं समज, आणि पिशवीत काय आणलंस ते दाखव.

वहिनी : बंद झालं म्हणजे?

नणंद : काय बंद झालं? मी काही बोलले का? पिशवी उघड.

वहिनी : पिशवीत दुसरी पिशवी आहे, वन्सं. एकीत मावणार नाहीत म्हणून नेली होती. गावभर फिरून पायांचे तुकडे पडले, पण एकाही स्वयंसेवकानं एकही पुस्तक परत दिलं नाही.

नणंद : ठरलं काय होतं? वरची टाकी फुटली, भिंतीतून पाणी झिरपायला लागलं, म्हणून प्रत्येकानं एकेक कपाट रिकामं करून पुस्तकं घरी न्यायची. भिंत वाळली की आणून द्यायची. भिंत कधीच वाळली.

वहिनी : ते मी न्हाव्याला सांगितलं. त्यानं प्रवासवर्णनं दुकानात मांडलीत. दाढी झाली तरी गिऱ्हाईक खुर्चीतून उठत नाही म्हणतो. एकाचं प्रकरण संपेना, म्हणून त्यानं परत दाढी करायला सांगितली. काढायला काही उरलंच नव्हतं, मग नुसता साबण लावून ठेवला. मी पुस्तकं मागितली तर सगळ्यांनी असं पाहिलं, जणू मी त्यांचे कान मागायला आलेय.

नणंद : आणि दातांचे डॉक्टर? ते शिकलेले आहेत.

वहिनी : त्यांच्याकडे रहस्यकथा. नंबर आला की पेशंट म्हणतो, मागच्याला पाठवा. खुनी सापडेपर्यंत दाढ दुखायची थांबलीय म्हणे. डॉक्टर बिचारे आत एकटेच हातमोजे घालून बसलेत.

नणंद : शिंपीण तरी देईल.

वहिनी : शिंपिणीच्या सासूनं पलंगाखालच्या विटा काढून तिथे चरित्रं रचलीत. मला वाटलं, काय हा अपमान. तर नाही. म्हातारी रोज एक थोर पुरुष खालून ओढून काढते आणि वाचते. पलंग एका अंगानं खाली चाललाय. जमिनीला टेकला की सगळे परत नेऊन देईन, असा शब्द दिलाय तिनं.

नणंद : काढून टाक या सगळ्यांना.

वहिनी : कशावरून काढू? पगार नाही, पद नाही. स्वयंसेवकाला काढायचं तर आधी त्याला कामावर घ्यावं लागेल.

नणंद : मी इतकी वर्षं या खोलीत बसले. एकेक पुस्तकाला खाकी कव्हर घातलं. 'शांतता राखा' अशी पाटी लावली. राखणारा माणूस यायचा नाही, तरी पाटी पुसायची मी. आणि आता यांना वाचायचं सुचतंय. तेही तोंडाला साबण लावून.

वहिनी : रागावू नका, पण वाचक आल्याआल्या तुम्ही त्याला हात धुवायला पाठवायचात. परत आलेल्याला बोटं दाखवायला लावायचात. न्हावी कुणाची बोटं बघत नाही.

नणंद : म्हणजे माझंच चुकलं.

वहिनी : ते नंतर बघू. काल साहेबांना तुम्ही काय सांगितलंत?

नणंद : ते आले तेव्हा कपाटं सगळी उघडी आणि रिकामी. विचारलं, पुस्तकं कुठेत? पाणी झिरपलं म्हणाले असते तर खोली धोकादायक म्हणून तिथल्या तिथे कुलूप लागलं असतं. म्हणून म्हटलं, सगळी पुस्तकं वाचकांकडे आहेत.

वहिनी : मग? खूश झाले असतील.

नणंद : इतके खूश की रुमाल काढला. म्हणाले, माझ्या नोकरीत असं वाचनालय पाहिलं नाही. पुस्तकं घरोघर पोचली म्हणजे काम पूर्ण झालं. आणि पूर्ण झालेल्या कामाला खोली कशाला? इथे आता कचेरीच्या मोडक्या खुर्च्या ठेवणार. म्हणून म्हणते, उद्या सकाळच्या आत कपाटं भरली तर त्यांना सांगता येईल, काम अजून व्हायचंय.

वहिनी : भरलेली दिसली तर म्हणतील, कुणी वाचतच नाही, बंद करा.

घड्याळजी : जरा हळू बोलाल का?

(घड्याळजी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आहेत. पुढ्यात पुस्तक नाही.)

नणंद : घड्याळजी, तुम्ही काही वाचत तर नाही आहात.

घड्याळजी : नाही. पण व्यत्यय येतोय.

वहिनी : कशात?

घड्याळजी : दिवसभर दुकानात घड्याळं दुरुस्त करतो. सगळी टिकटिकतात आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. घरी एका खोलीत मुलगा, सून, नातवंडं, टीव्ही, आणि सुनेची आई फोनवर. ती प्रत्यक्षात आली तर कमी बोलते. इथे मला कुणी काही सांगत नाही. पुस्तक असलं तर वाचतो, नसलं तर आधीचं आठवतो.

नणंद : उद्यापासून न्हाव्याकडे बसा. पुस्तकं तिथेच आहेत.

घड्याळजी : गेलो होतो. त्याचा रेडिओ चालू असतो. डॉक्टरांकडे यंत्र घरघरतं. शिंपिणीची सासू मोठ्यानं वाचते, आणि मध्येच थांबून त्या थोर माणसाच्या चुका काढते. पुस्तकं आता सगळीकडे आहेत, बाई. गप्प बसायला जागा एवढीच आहे.

वहिनी : हे साहेबांना सांगायचंत ना.

घड्याळजी : सांगितलं. ते म्हणाले, याची नोंद कशात करायची ते बघतो.

नणंद : वहिनी, कागद घे.

वहिनी : ते वाचणार नाहीत, वन्सं.

नणंद : मी कव्हरं घातली ती कोण वाचतंय ते बघून घातली का? लिही. 'महोदय, सदर खोली ताब्यात घेण्यास स्वयंसेवक मंडळाची हरकत नाही. मात्र ती कोपऱ्यातील एका धड खुर्चीसह व तीत बसलेल्या इसमासह ताब्यात घ्यावी, सदर इसमाची नोंद मोडक्या सामानात करू नये, आणि त्यास रोज संध्याकाळी तासभर शांतता आपल्या कार्यालयामार्फत पुरवण्यात यावी, ही नम्र विनंती.'