सुधाकरच्या कॅसेटींचं खोकं

अरे, त्या खोक्याचं सांगायचंच राहिलं. आमचा सुधाकर भजनं लई गोड म्हणायचा. तो गेला, तवा आमी मित्रांनी त्याच्या आवाजाच्या चार-चार कॅसेटींचे संच काढले. वर्षश्राद्धाला घरोघर द्यायचे होते. पण चारी मावतील असं खोकं वडवणीत कुणी बनवीना. शेवटी मिठाईवाल्याकडची पेढ्याची खोकी आणली. कॅसेटी अगदी नीट बसल्या, पण वर ठळक छापलेलं, ‘पेढे’.

मी म्हणलो, "दुःखाच्या घरातून पेढ्याचं खोकं कसं द्यायचं? वर पांढरा कागद डकवू."

सुधाकरच्या आईनं माझ्या हातातला कागद काढून घेतला.

"न्हाई डकवायचा. हा झाला तवा ह्याच घरांला पेढे वाटलते म्या."