टाकीला वाढलेलं पान

काय सांगू तुम्हाला, मी मूळची सिन्नरकडची, दिली पण तिकडंच, मालक गेल्यावर पोरीपाशी नाशकात आले आन ह्या कचऱ्याच्या प्रकल्पावर कामाला लागले. हाटेलांचं उरलेलं अन्न गाडीनं येतं, आम्ही बाया त्यातलं प्लास्टिक, चमचे, हाडकं येचतो, मंग ते दळून टाकीत जातं, तिथं सडून त्याचा गॅस व्हतो, गॅसवर इंजिन चालतं आन लाईट तयार व्हती. पहिल्यांदा मला वाटलं, थट्टाच करत्यात. वासाचं काय इचारता, नाकाला सवय व्हती.

आमचे मालक, म्हंजी माझा नवरा, अन्नाच्या बाबतीत लय कडक व्हते बरं का. ताटात शीत ठिवायचे नाय, दुसऱ्याला ठिवू द्यायचे नाय. त्यांनी इथल्या गाड्या पाह्यल्या असत्या तर हाटेलवाल्यांच्या दारात जाऊन भांडले असते.

तर औंदा पित्रांत त्यांची तिथ आली. रजा नाय भेटली, म्हणून घरून सगळं करून आणलं, खीर, वडे, आळूची भाजी, आन शेडमागच्या भिंतीवर पान वाढलं. कावळे आमच्याकडं ढिगानं, म्हणलं लगेच शिवतील. कसलं काय. एक पण शिवंना. माझ्या जिवाला घोर लागला, मालकांचं काय राह्यलं असंल. म्हणलं, पोरीला अंतर देणार नाय. नाय शिवला. गावच्या घराचे पत्रे बदलते म्हणलं. तरी नाय. कावळा तिकडं ढिगावर बसून बिर्याणी खातोय आन माझ्याकडं बघतोय. माझ्यासंगं काम करणारी सिंधू म्हणली, अगं ह्यांची पोटं तट्ट भरल्यात, तुझ्या खिरीला कोण इचारतं. मी रडतच व्हते, रडता रडता मला पण हसू आलं.

पण पानाचं करायचं काय. फेकलं तर मालक सपनात येऊन बोलतील. सिंधू म्हणली, टाकीला घाल की, तिथं काय वाया जातं व्हय. मंग हात जोडले, म्हणलं गोड मानून घ्या, आन सगळं दळायच्या मशिनीत सोडलं.

आज घातलेलं आजच पेटत नाय, टाकीला पचवाय येळ लागतो, म्हणून मी धीर धरला. आता सांजच्याला सुटताना शेडवरचा दिवा लागला की मी वर बघते आन म्हणते, जेवलात ना. सिंधू मला येडी म्हणती. म्हणू दे. ते जेवले, माझ्या मनाची खात्री हाय, जिवाचा घोर गेला. देव सगळ्यांना पोटभर देवो, आन उरलंच तर बाबांनो, ओल्या कचऱ्यात टाका, प्लास्टिक मिसळू नका.