खटकलं काय, ते आधी सांगा

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती आणि आम्हा सर्वांच्या मावशी, बाजारपेठेतील माझे व्यापारी बंधू-भगिनी, आणि ज्यांची लग्नं मावशींनी जुळवली अशी समोर बसलेली सगळी जोडपी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

ते मागचं दार जरा उघडंच राहू द्या. कुणी यायचं आहे.

मी चपला-बुटांचा दुकानदार. माझं दुकान खाली आणि मावशींचं वधूवर केंद्र बरोबर माझ्या डोक्यावर. जिना माझ्या दारावरून जातो, त्यामुळे लग्नाळू मंडळी वर जाताना कशी असतात आणि खाली येताना कशी, हे मी आयुष्यभर पाहिलं. आता तो जिना ओस पडला. का पडला, हे मी सांगायला हवं का? प्रत्येकाच्या खिशात एकेक वधूवर केंद्र आलं. माझ्याकडेही लोक येतात, बूट पायात घालतात, आरशासमोर चालून बघतात, नंबर लक्षात ठेवतात आणि घरी जाऊन मोबाईलवरून मागवतात. असो. आज माझं रडगाणं गायचा दिवस नाही. आज मावशी केंद्राला कुलूप लावताहेत, आणि चार गोड शब्द बोलायला अध्यक्षांनी मला उभं केलंय.

मावशींच्या हाताखालून गेलेल्यांना त्यांची पद्धत ठाऊक आहे. पहिली भेट झाली की त्या मुलाला आणि मुलीला वेगवेगळं बसवायच्या आणि म्हणायच्या, "खटकलं काय, ते आधी सांगा." कुणी गुण गायला लागला की हात वर करून थांबवायच्या. ज्याला काहीच खटकलं नाही, त्याला दुसरी भेट नाही. "काहीच नाही? मग तू नीट बघितलंच नाहीस!" माझ्या वेळी आमच्या मंडळींनी सांगितलं होतं, "हा माणूस तोंडाकडे बघत नाही, पायांकडे बघून बोलतो." मावशी म्हणाल्या, ठरलं समजा. हो हो, आटपतो. आमच्या मंडळी खुणा करताहेत.

हा प्रश्न संगणक विचारतो का हो? तो उंची विचारतो, शिक्षण विचारतो, आवड विचारतो. आवडीत जो तो लिहितो, वाचन आणि प्रवास. सगळेच वाचताहेत आणि फिरताहेत, तर आमच्या दुकानांत येऊन घासाघीस कोण करतं?

आता आपण घरचीच माणसं, म्हणून सांगून टाकतो. आमच्या लेकीचं इंटरनेटवर जमलंय. मुलगा दूरच्या शहरातला. आम्ही त्याला प्रत्यक्ष पाहिलेला नाही, पडद्यावर पाहिलाय, तोही खांद्यापर्यंत. मी चप्पलवाला, मला माणूस खालून वर बघायची सवय. माझी झोप उडाली. दुकानात बसून त्याचं नाव टाकायचं आणि जे सापडेल ते वाचायचं, हाच धंदा झाला. त्याने एका मिक्सरबद्दल मत लिहिलंय, "आवाज फार, पण काम चोख." मी ते वाचून विचारात पडलो, हा उद्या माझ्या लेकीबद्दल काय लिहील? हसू नका. माहिती पोतंभर जमली आणि माणूस कसा आहे, ते काही कळेना.

शेवटी मावशींचा प्रश्न लेकीला विचारला. तिने विचारसुद्धा केला नाही. म्हणाली, "भांडण झालं की फोन बंद करून बसतो." मावशींना हे सांगितलं, तर त्या खूश! "पोरीने बघितलाय हं त्याला!" पण माझं समाधान होईना. आज तो पहिल्यांदा इथे येतोय. मी लेकीला म्हटलं, त्याला थेट सभागृहात आण, मावशींची एक नजर पडू दे. तिने तसं कळवलं. तो म्हणाला, "मी काय मागवून बघायची वस्तू आहे? नाही आवडली की परत?" आणि तेव्हापासून त्याचा फोन बंद. अध्यक्षमहाराज, क्षमा असावी, तुमचं भाषण फार सुंदर झालं असं सगळे म्हणताहेत. मी दाराकडेच बघत होतो.

तर मावशी, आम्ही व्यापारी नेहमी म्हणतो की इंटरनेटने मधला माणूस काढून टाकला. टाकला खरा. पण तुमच्या जिन्यावरून लोक केंद्रात भांडायलाही यायचे ना? संसारात बिनसलं की तावातावाने चढायचे, तुम्हाला वाट्टेल ते बोलायचे. तुम्ही सगळं ऐकून घ्यायचात आणि मग दोघांना बोलावून समोरासमोर बसवायचात. आता बिनसलं तर माणसाने कुणाच्या दारात जायचं? मला भीती वाटते, मावशी. तुम्ही वर बसलेल्या असायचात, तोवर मला ती कधी वाटली नव्हती.

काय गं पोरी? मोठ्याने सांग, इथे ऐकू येत नाही. फोन लागला? मंडळी, जरा शांत राहा. फाटकाशी उभाय? कधीपासून? मग आत का येत नाही? ... श्रोतेहो, तो म्हणतो, चारचौघांत उभं करून पारखणार असाल तर इथूनच माघारी जातो.

मावशी, तुम्हीच चला ना माझ्याबरोबर फाटकापर्यंत. लांबून एकदा बघा आणि मला सांगा, हो की नाही. एवढं शेवटचं काम करा माझं.

मागच्यांना ऐकू आलं नसेल, म्हणून सांगतो. मावशी म्हणताहेत, "केंद्र बंद झालं, बाबा. मुलगी तुझी, पायही तुझे. जा."

बरं.

अध्यक्षमहाराज, मावशींच्या कार्याचा आढावा घ्यायचं राहिलं, व्यापारी मंडळाचे आभार मानायचेही राहिले, ते मानले असं समजावं. बोलण्याच्या भरात कुणाला काही लागलं असेल, तर घरचा माणूस म्हणून सांभाळून घ्या. हा माईक कुणीतरी धरा.

आणि तू तो फोन ठेवू नकोस गं. त्याला सांग, तिथेच थांब म्हणावं, बाबा तुला न्यायला येताहेत.